पाहुणे की मिरासदार?

भाषेतील काही शब्द इतके सौजन्यपूर्ण असतात की त्यांच्या पोटात काय दडले आहे हे तपासून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येऊन आपल्या पाणथळींवर उतरणाऱ्या पक्ष्यांस आपण 'पाहुणे पक्षी' म्हणतो, तो शब्द ह्यांपैकीच एक होय. वर्तमानपत्रे दरवर्षी ह्या पाहुण्यांच्या आगमनाची वार्ता देतात, शाळकरी मुले त्यांच्यावर निबंध लिहितात, आणि अतिथीस देव मानणाऱ्या आपल्या परंपरेचे आपल्याला त्या निमित्ताने कौतुकही वाटते. मीही हा शब्द अनेक वर्षे निःशंकपणे वापरीत आलो. परंतु हा शब्द वस्तुस्थितीस धरून नाही, आणि त्याच्या गोडव्याआड एक अन्याय सुखाने नांदत आहे, अशी अलीकडे माझी खात्री होत चालली आहे. ती कशी झाली, व तीवरून आपल्या कर्तव्याविषयी काय निष्पन्न होते, एवढेच ह्या लेखात मांडावयाचे आहे.

ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरी, खुर्दा व गंजाम ह्या तीन जिल्ह्यांना लागून चिलिका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. वाळूच्या एका लांबलचक पट्ट्याने ते समुद्रापासून वेगळे केले आहे. त्या पट्ट्यातील मुखांवाटे समुद्राचे खारे पाणी आत शिरते, आणि उत्तरेकडून दया, भार्गवी वगैरे महानदीच्या शाखा आपले गोडे पाणी व गाळ त्यात आणून ओततात. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतो, तर पावसाळ्यात तो ११०० च्या वर जातो. पाऊस सरला की कडेचे पाणी हळूहळू ओसरते आणि दूरवर चिखल उघडा पडतो. आपल्या दृष्टीने तो नुसता चिखल. पण त्यात कृमी, कीटक व शिंपल्यांतील बारीक जीव विपुल असतात, आणि लांब चोचीच्या पक्ष्यांस ते भरलेले ताट असते. जानेवारी महिन्यात येथे पक्ष्यांची मोजणी होते. अलीकडील काही वर्षांच्या मोजणीत सर्व जातींचे मिळून दहा लाखांहून अधिक पक्षी आढळले आहेत.

काही वर्षांपूर्वी, पौष महिन्यात, मी चिलिकेच्या उत्तर काठावरील मंगलाजोडी ह्या गावी गेलो होतो. पक्षी पाहण्याचा नाद मला प्रौढपणी लागला, आणि उशिरा लागलेल्या नादात जी एक आसक्ती असते ती माझ्या नादातही होती. मजजवळ एक नोंदवही असे. तीत नव्या पक्ष्याचे नाव, तारीख व स्थळ लिहिले की एखाद्या कृपणास थैलीत नाणे टाकताना जे सुख होत असेल तेच मला होई. मंगलाजोडी हे गाव एके काळी पाखरांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. बंदूक, जाळे, विष ही सर्व साधने तेथे चालत, आणि मारलेली पाखरे बाजारात विकली जात. इसवी सन २००० च्या सुमारास गावातील शिकाऱ्यांनी शिकार सोडून पाखरांच्या रक्षणाचे व्रत घेतले, आपली समिती स्थापन केली, आणि आज त्यांच्यापैकी कित्येक जण नावा वल्हवून परगावच्या लोकांस पक्षी दाखवितात. माझा नावाडी असाच एक वृद्ध गृहस्थ होता. तरुणपणी आपण ह्याच पाण्यात पाखरे धरीत असू, हे त्याने कसलाही आडपडदा न ठेवता मला पहिल्या अर्ध्या तासातच सांगून टाकले.

सकाळी आठाच्या सुमारास एका उथळ जागी दोनअडीचशे पाणटिवळ्यांचा थवा आम्हांस दिसला. उंच पायांचा, लांब चोचीचा, करड्या-तपकिरी रंगाचा हा पक्षी. बहुतेक सर्व जण एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून विसावले होते. पाणटिवळ्यांच्या आपल्याकडे दोन जाती येतात. एक काळ्या शेपटीची व दुसरी पट्टेरी शेपटीची. पैकी पहिली तेथे विपुल आहे, दुसरी क्वचित् दिसते. ती दुसरी माझ्या वहीत नव्हती. उडताना पहिलीच्या पंखांवर रुंद पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो, दुसरीच्या पंखांवर तो नसतो. पण विसावलेल्या पक्ष्यात ही खूण झाकली जाते, आणि इतक्या अंतरावरून अन्य खुणा ओळखण्याइतका माझा डोळा तयार नव्हता. थव्यात दुसऱ्या जातीचा एखादा तरी असावा अशी आशा मनात उत्पन्न झाली. मी नावाड्यास नाव पुढे घ्यावयास सांगितले. त्याने मान हलवून नकार दिला. तेव्हा मी उभा राहिलो आणि मोठ्याने टाळी वाजविली.

थवा एकदम उठला. अडीचशे पक्ष्यांच्या पंखांवर अडीचशे पांढरे पट्टे लखलखले. सगळे काळ्या शेपटीचेच होते. ते दोन घिरट्या घालून दूरवर, दिसेनासे होईपर्यंत गेले, आणि ती जागा रिकामी झाली. मी खाली बसलो. बराच वेळ नावाडी काही बोलला नाही. मग बांबू चिखलात रोवून तो मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणाला, "बाबू, आम्हीही अशीच टाळी वाजवीत होतो. पलीकडे जाळे लावलेले असे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. मी जन्मात एकही पाखरू मारलेले नाही. ह्याने शेकडो मारली असतील. आणि तरीही त्या नावेत लाजेने मान खाली घालण्याची पाळी माझ्यावर आली होती. हे कसे घडले, ह्याचा विचार त्या दिवसापासून मी करीत आहे.

प्रथम मला असे वाटले की नावाड्याने केलेली तुलना चुकीची आहे. त्याच्या टाळीने पक्षी मरत, माझ्या टाळीने नुसते उडाले. जेथे परिणाम भिन्न तेथे कर्मही भिन्न. परंतु अधिक विचार करता हे समाधान टिकले नाही. हे पक्षी येथे हवापालटासाठी आलेले नसतात. हिवाळाभर खाऊन अंगात चरबी साठवावयाची, आणि वसंतात तिच्या बळावर हजारो किलोमीटर उडून जावयाचे, असा त्यांचा जीवनक्रम आहे. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याची जी शाखा अलास्कात वीण करते, तिच्यातील पक्ष्यांच्या अंगी प्रस्थानाच्या वेळी निम्म्याहून अधिक वजन चरबीचे असते, आणि ओझे कमी व्हावे म्हणून त्यांची जठरादी पचनेंद्रिये आकसून लहान होतात, असे शास्त्रज्ञांस आढळले आहे. त्याच शाखेतील अवघ्या पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५०० किलोमीटरचा प्रवास अकरा दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता, केला. त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्राने तो नोंदविला आहे. चिलिकेच्या पक्ष्यांचा पल्ला इतका लांब नसेल, पण हिशेबाची रीत तीच आहे. प्रत्येक विनाकारण उड्डाण म्हणजे त्या साठ्यातील खर्च, आणि उडण्यात गेलेला वेळ म्हणजे खाण्यातील तूट. एका टाळीने कोणी मरत नाही हे खरे. परंतु टाळी वाजविणारा मी एकटाच असतो असे थोडेच आहे? प्रत्येक नावेत एक वही असते आणि प्रत्येक वहीत एक जागा रिकामी असते.

म्हणजे पाहणे हे सर्वस्वी निरुपद्रवी कर्म आहे, ही माझी समजूत प्रथम ढासळली. पाहणाराही काही घेतो. शिकारी मांस घेई, मी नाव घेत होतो. पक्षिशास्त्राचा इतिहास पाहिला तर ह्या दोन घेण्यांत आपण समजतो तितके अंतर नव्हते असे दिसते. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ज्यांस ओळखतो त्या ॲलन ह्यूम ह्यांनी १८८५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला आपला पक्षिसंग्रह दिला, त्यात पक्ष्यांची पेंढा भरलेली हजारो कातडी होती. डॉ. सालिम अली ह्यांचे सारे पक्षिज्ञान, त्यांनी आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीपासून सुरू झाले. ज्ञान व लोभ ह्यांची मुळे एकाच मातीत असतात. त्यांतील कोणते वाढू द्यावयाचे हे मात्र मनुष्याच्या हाती असते.

परंतु माझ्या टाळीचे खरे मूळ नुसत्या लोभात नव्हते. ते त्या 'पाहुणे' ह्या शब्दात होते, असे मला पुढे दिसून आले. पाहुणा म्हटला की त्याबरोबर यजमान येतोच. घर यजमानाचे, पाहुण्यास जे मिळते ते यजमानाच्या औदार्याने मिळते. यजमानाने गादी घालावी, पंक्तीला बसवावे, आणि घरी अडचण असली तर 'पुढच्या वेळी या' असेही म्हणावे. त्यात पाहुण्यावर अन्याय होत नाही. आणि यजमानाने 'जरा एक गाणे म्हणून दाखवा' असा आग्रह केला तर पाहुण्यास तो मानवा लागतो. मी टाळी वाजविली ती अशाच यजमानपणाच्या ऐटीत. ह्यांना आम्ही येथे राहू देतो, मग त्यांनी एकदा पंख उघडून दाखविले तर काय बिघडले?

आता ह्या यजमानपणास आधार किती आहे तो पाहू. चिखलात धावणाऱ्या पक्ष्यांमध्ये टिलवा नावाचा एक अगदी लहान पक्षी आहे. त्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या चिमणीइतकेच. तो उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन प्रदेशात अंडी घालतो. तेथील उन्हाळा अल्पजीवी. जून ते ऑगस्ट असे दोनतीन महिने काय ते त्यास तेथे मिळतात. वर्षाचे उरलेले दिवस प्रवासात आणि दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यांवर जातात. जो प्राणी वर्षातला अधिक काळ ज्या भूमीवर काढतो त्यास त्या भूमीवरचा पाहुणा म्हणणे हे मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गणपतीस आठ दिवस कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यास मुंबईचा पाहुणा म्हणण्यासारखेच आहे. शिवाय 'अतिथी' ह्या शब्दाची व्युत्पत्ती ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो, अशी परंपरेने सांगतात. हे पक्षी तर वर्षानुवर्षे ठरल्या ऋतूत येतात. ह्यांतील अनेक जातींत आईबाप आधी निघून जातात आणि त्या वर्षीची पिल्ले मागाहून, वाट दाखविणारा कोणी वडीलधारा नसताना, तोच मार्ग धरून दक्षिणेस येतात. ज्या जागेची ओढ रक्तातून वारशाने येते, त्या जागेशी असलेल्या नात्यास पाहुणचार हा शब्द कसा शोभेल?

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत ह्या प्रश्नाचे अधिक समर्पक शब्द मला सापडतात. गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. उपरी हा बाहेरून आलेला; करार असेतो कसणारा. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. दुष्काळाने वा लढाईने परागंदा होऊन तो दूरदेशी गेला तरी त्याचा हक्क एकदम बुडत नसे. पुढे तो किंवा त्याचा वंशज परत आला तर आपल्या शेताची मागणी करू शके. मधल्या काळात ते शेत दुसऱ्याने कसले असेल; पण गैरहजेरी म्हणजे हक्कत्याग नव्हे, हे तत्त्व त्या काळच्या अशिक्षित गावकऱ्यांसही मान्य होते. चिलिकेचा टिलवा दरवर्षी गैरहजर राहतो व दरवर्षी परत येऊन आपले शेत मागतो. त्यास उपरी समजावयाचे की मिरासदार, हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. पाहुण्याशी आपण वागतो ते औदार्याने, मिरासदाराशी वागावयाचे ते न्यायाने. औदार्य आटले तर मनुष्य कृपण ठरतो, परंतु न्याय नाकारला तर तो अपराधी ठरतो.

आमच्या पिढीने कॉलेजात जे पाश्चात्य नीतिशास्त्र वाचले, त्यात प्राण्यांविषयीच्या कर्तव्याची दोन मते प्रमुख होती. कांटच्या मते प्राण्यांविषयी आपले साक्षात् कर्तव्य काही नाही; परंतु जो त्यांच्याशी क्रूरपणे वागतो त्याचे मन माणसांविषयीही कठोर होते, म्हणून क्रौर्य टाळावे. उलट बेंथॅमने १७८९ साली असे प्रतिपादिले की प्राण्यास बुद्धी किंवा वाणी आहे की नाही हा प्रश्न गौण असून त्यास दुःख होते की नाही हाच मुख्य प्रश्न होय. दोन्ही मते आदरणीय आहेत, आणि दुसरे मला अधिक मान्य आहे. परंतु किनाऱ्यावरच्या ह्या पक्ष्यांपुढे दोन्ही अपुरी पडतात. दक्षिण कोरियात सेमांगम नावाची विस्तीर्ण चिखलवट होती. २००६ साली सुमारे ३३ किलोमीटर लांबीची भिंत घालून समुद्राची भरती तेथे अडविण्यात आली. ग्रेट नॉट जातीचे पक्षी प्रवासात तेथे मोठ्या संख्येने उतरत असत. ते दुसरीकडे उतरतील असे त्या वेळी पुष्कळांनी सांगितले. पुढे ऑस्ट्रेलियातील हिवाळी मुक्कामावरच्या मोजणीत त्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटल्याचे आढळले. ह्या साऱ्या प्रकारात कोणी एका पक्ष्यास दगडही मारला नव्हता. कोणाचे मन कठोर झाले नाही, कोणाच्या डोळ्यांदेखत कोणी तळमळला नाही. भिंत बांधणारे कारागीर कदाचित् आपापल्या अंगणात चिमण्यांस दाणेही घालीत असतील. क्रौर्यावाचून केवढा अनर्थ होऊ शकतो ह्याचे हे उदाहरण होय. ह्या पक्ष्यास आपली दया नको आहे. त्यास चिखल हवा आहे.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. ज्यास कर्तव्य नाही त्यास हक्क कसा? मिरासदार सारा भरीत असे. हा पक्षी काय भरतो? ह्याचे उत्तर दूर शोधावयास नको. अज्ञान बालकावर कसलेही कर्तव्य नसते, तरी त्याच्या मालमत्तेस कोणी हात लावू शकत नाही. आपल्याकडे तर देवस्थानाच्या जमिनीची मालकी मूर्तीकडे असते. कायदा मूर्तीस व्यक्ती मानतो, आणि पुजारी वा पंच हे केवळ वहिवाटदार ठरतात. मूर्ती सारा भरावयास जात नाही की कोर्टात साक्ष देत नाही. म्हणून तिचे वतन आपले समजणाऱ्या वहिवाटदारास आपण काय म्हणतो हे सर्वांस ठाऊक आहे. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणी तरी बोलावे, अशी सोय आपल्या समाजाने फार पूर्वी केली आहे. ती चिखलातल्या पक्ष्यापर्यंत नेणे ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला स्वतःलाच पुष्कळ दिवस टोचत होता. चिलिकेच्या काठी माणसेही राहतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात जाळी टाकून पोट भरणारे कोळी तेथे आहेत. पक्षी मिरासदार, तर हे कोण? माझे उत्तर असे की तेही मिरासदारच, आणि गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला तर ह्या दोन मिरासदारांत खरे वैर नाही. तेथे बाहेरचे भांडवल येऊन बांध व जाळ्यांची कुंपणे घालून कोळंबीची पैदास करू लागले, तेव्हा कोळ्यांचे पाणी अडले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका व पुलिकत ह्या दोन सरोवरांपासून १००० मीटरांच्या आत अशा कोळंबी-व्यवसायास मनाई केली. तरीही कुंपणे राहिली. मे १९९९ मध्ये कोळ्यांनी ती मोडली, आणि त्यापाठोपाठ सोराना गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जण मरण पावले. त्याच सुमारास गाळाने समुद्राकडील मुख बुजत चालले होते. पाण्याचा खारेपणा घटला, तणे माजली, मासे कमी झाले. १९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून गौरविलेल्या ह्या सरोवराचे नाव १९९३ साली धोक्यातील पाणथळींच्या यादीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये वाळू कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्र पुन्हा आत आला, मासे वाढले, आणि २००२ साली ते नाव त्या यादीतून निघाले. ज्या पाण्याने कोळ्याची चूल पेटली त्याच पाण्याने पक्ष्याचा चिखलही राखला. जेथे दोघांचे हित खरोखरच परस्परविरुद्ध येईल तेथे निवाडा करावा लागेल, हे मी नाकारीत नाही. मात्र तो दोन हक्कदारांतील निवाडा म्हणून केला पाहिजे. एकास मालक व दुसऱ्यास पाहुणा ठरवून बसले की निवाड्याची गरजच संपते, आणि त्यातच सारी लबाडी आहे.

आता पुन्हा त्या नावाड्याकडे वळतो. त्याची हकीकत ऐकून आपल्याकडे कोणीही म्हणेल, 'वाल्याचा वाल्मीकी झाला.' परंतु ही उपमा मला रुचत नाही. वाल्मीकीच्याच काव्याच्या आरंभी क्रौंच पक्ष्यास मारणारा निषाद येतो. ऋषीस शोक झाला, शोकातून श्लोक झाला, निषादास शाप मिळाला. पण त्या निषादाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही हे कोणी विचारले नाही. आपण सुशिक्षित मंडळी त्या आसनावर मोठ्या सुखाने बसतो. शोक आपला, शाप दुसऱ्याला. मंगलाजोडीच्या निषादाने मात्र शापाची वाट न पाहता आपण होऊन जाळे खाली ठेविले. पक्षी कोठे विसावतात, वारा फिरला की कोणत्या बाजूस जातात, हे सर्व ज्ञान त्याने मारण्यासाठी मिळविले. तेच तो आता राखण्यासाठी वापरतो. त्याचे डोळे बदललेले नाहीत. बदलला आहे तो हात.

आणि ह्या बदलाची किंमत कोणी दिली? त्याने. बाजारात पाखरे विकून येणारा रोख पैसा त्याने सोडला, त्या वेळी नाव वल्हवून तितके मिळेल अशी हमी कोणी दिली नव्हती. मी पक्षी मारीत नाही ह्यात माझा त्याग तो कोणता? मला तर पगार मिळतो. दुसऱ्याच्या खर्चाने पुण्य जोडण्याची आम्हा शहरवासीयांची ही सवय फार जुनी आहे. म्हणून नावाड्यास जे भाडे आपण देतो ते बक्षीस नव्हे, ते आपले देणे आहे. निदान त्यात तरी घासाघीस करू नये.

चिलिकेत मिळणारी दया नदी थोडे वर भुवनेश्वराजवळ धौलीच्या टेकडीखालून वाहते. तेथील खडकावर अशोकाची शासने कोरलेली आहेत, आणि परतताना ती पाहावयास मी गेलो. त्यांतील पहिल्या शासनात सम्राट सांगतो की पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज असंख्य प्राणी मारले जात. हे शासन कोरले जात असताना केवळ तीनच मारले जातात, दोन मोर व एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. कलिंगाचा संहार करणाऱ्या त्या राजाने ह्या तीन प्राण्यांची संख्या दगडावर का कोरविली असेल? त्यास ती लपविता आली असती. मला वाटते, स्वतःच्या अपूर्णतेचा हिशेब उघडपणे ठेवणे हीच सुधारणेची सुरुवात आहे, हे त्यास उमगले होते. नावाड्याने 'आम्हीही टाळी वाजवीत होतो' असे म्हटले, तेव्हा त्यानेही आपला हिशेब उघड केला होता. माझा हिशेब मात्र मी तोवर मांडलाच नव्हता.

ह्यावरून पक्षी पाहूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. जे कधी पाहिले नाही त्याच्या हक्कासाठी कोण भांडणार? पाहावे, मुलांस दाखवावे, नावे शिकावी. पण मिरासदाराच्या शेताच्या बांधावर उभे राहून पाहणारा जसा पिकात पाय घालीत नाही, तसे अंतर राखून पाहावे. आणि अंतरामुळे जे कळणार नाही ते न कळू द्यावे. आपल्या गावचे तळे, खाडी, मिठागर ह्यांवर भराव पडू लागला म्हणजे 'पाहुणे आता येणार नाहीत' असा हळवा उद्गार काढून स्वस्थ बसू नये. कोणाचे तरी वतन बुडत आहे असे समजून जाब विचारावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच नावाड्यास घेऊन त्याच जागी गेलो. थवा परत आला होता. ह्या वेळी आम्ही लांबच थांबलो. सुमारे तासाभराने थव्याच्या कडेला लहान पक्ष्यांची एक तुकडी येऊन उतरली. चिखल्यांपैकीच काही असावेत, पण कोणते ते मला ओळखू येईना. नावाड्याने माझ्याकडे पाहिले. त्यास नाव ठाऊक असावे, आणि मी विचारले असते तर त्याने सांगितलेही असते. मी विचारले नाही. ती तुकडी खात खात दूर निघून गेली. वहीत त्या तारखेपुढे 'लहान पक्षी, सुमारे चाळीस, खात होते' एवढेच लिहिले आहे. नावाची जागा मी कोरी ठेविली आहे.